मशीनला बांधलेला नाडा

डबा धुऊन उपडा घातलाय, शेडचं दार अर्धं लोटलंय आणि खताच्या रिकाम्या पोत्यांवर मी पाठ टेकलेय. पाच मिनिटं, असं मी रोज म्हणते. बाहेर धरणाच्या पायथ्याची आमची सरकारी बाग दुपारच्या उन्हात गप्प पडलीय. धरणातून कालव्यात पाणी पडतं त्याचा आवाज चोवीस तास असतो, त्यामुळे तो आता कानाला लागतही नाही. डोळे मिटलेत, पण झोप येत नाही. डोक्यापासून दोन हातांवर मशीन उभं आहे.

मशीन म्हणजे गवत कापायचं. पेट्रोलवर चालणारं, चार चाकांचं, मागून ढकलायचं. पोटाखाली एक पातं गरागरा फिरतं. दांड्याला एक लोखंडी लिव्हर आहे. ती दांड्याबरोबर मुठीत धरून ठेवली तरच इंजिन चालतं, हात सुटला की बंद पडतं. माणूस घसरला, पडला, तर पातं आपोआप थांबावं म्हणून कुणीतरी डोकं चालवून केलेली सोय. आणि आज सकाळी मी पाहिलंय की जालिंदरनं ती लिव्हर सायकलच्या ट्यूबनं दांड्याला करकचून बांधून टाकलीय.

आपलं काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. तास-दोन तास लिव्हर दाबून धरली की हाताला मुंग्या येतात, बोटं उघडत नाहीत. बांधली की काम सोपं. परवा कोजागिरी. वसाहतीतली झाडून सगळी माणसं बायकापोरांसकट दूध प्यायला बागेत येणार, आणि साहेबांना गवत कसं, नुकतं केस कापून आलेल्या माणसासारखं हवं. सपाटीवरचं काल कापून झालं. आज जेवणानंतर जालिंदर उतार कापणार, धरणाच्या भिंतीकडून कालव्याकडे जातो तो.

मी त्याला एक शब्द बोलले नाही. ट्यूब पाहिली, खुरपं उचललं आणि गुलाबांची आळी करायला निघून गेले. जालिंदर पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, सरळ माणूस आहे. सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. पण त्याआधी विचारलं असतं, वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक? आणि मग मला तीन वर्षांपूर्वीची गोष्ट काढावी लागली असती.

तीन वर्षांपूर्वी त्याच उतारावर याच मशीनखाली माझ्या नवऱ्याचा पाय सापडला, आणि रक्त जाऊन जाऊन दवाखान्याच्या वाटेवरच जीव गेला. निवृत्ती घाडगे, या बागेचे मशीनवाले, एकोणीस वर्षं. त्यांच्या जागी अनुकंपावर मी लागले. तेव्हा चौकशी झाली होती. लिव्हर तपासली, ती ठणठणीत निघाली, आणि कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लिहून आलं. लिव्हर ठणठणीत निघाली, कारण तिला बांधलेला नाडा माणसं गोळा व्हायच्या आत मी सोडला होता आणि पोलक्यात लपवला होता. तो बांधलाही मीच होता, खंडेनवमीच्या पूजेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही.

पोत्याचा उग्र वास नाकात जातोय. पत्रा तापून मधूनच टण् वाजतोय. मी कूस बदलते, आणि मशीनच्या पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसतं.

“पेट्रोल घातलंया का ह्यात?” ते विचारतात.

“सकाळी आणलंय जालिंदरनं. अजून वतलं न्हाई.”

“मग आताच घालाय पायजे. इंजिन थंड हाय तवर. तापलेल्यावर वतशीला तर भडका उडंल.”

खाकी शर्ट तोच, वरचं बटण तुटलेला. कानावर विडी. मेलेला माणूस शेडमध्ये बसलाय हे मला चांगलं कळतंय, पण त्याचं नवल वाटत नाही. राग मात्र येतो. तीन वर्षांत एकदा स्वप्नात यायला सवड झाली नाही, आणि आज आले ते मशीनची चौकशी करायला. लेक कशी आहे, तू जेवतेस का, हे विचारायचं नावच नाही. जिवंत असतानाही असेच होते म्हणा. घरी आले की आधी मशीनचं सांगणार, मग भाकरी.

ते ऑइलची काडी बाहेर ओढतात. ऑइल किती आहे ते या काडीवर बघायचं, हे मलाही आता ठाऊक आहे. काडी वीतभर असते. ते ओढतायत आणि ती येतेच आहे. हातभर येते, दोन हात येते. ते उठून उभे राहतात तरी तिचं टोक अजून मशीनच्या आतच आहे. वर आलेली सगळी काडी ओली आहे. मी बोट लावून बघते. ऑइल नाही, पाणी आहे, कालव्याचं असतं तसं गार.

“कमी हाय,” ते म्हणतात, आणि काडी पुन्हा आत सारायला लागतात. “चा ठिव जरा.”

मी चहा ठेवते. स्टोव्ह आमच्याच स्वयंपाकघरातला आहे, वसाहतीतल्या खोलीतला, आणि खिडकीत तुळशीची कुंडी आहे. मशीन फरशीवर ओट्याला लागून उभं आहे. फरशांच्या फटींतून गवत वर आलंय. सगळीकडे नाही. ते जेवायला बसायचे त्या एका जागी, पाटाच्या आकाराचं, दाट. मी या खोलीत रोज वावरते आणि मला हे कधी दिसलं नाही याची लाज वाटते.

ते खाली वाकून चाकाजवळचा दांडका एका खाचेतून काढून वरच्या खाचेत बसवतात. गवत किती उंचीवर कापायचं ते चारी चाकांना असं वेगवेगळं लावावं लागतं. एक झालं, दोन झाली, तीन झाली.

“उताराला जरा वरच ठिवायचं,” ते सांगतात. “खाली ठिवलं की पातं मातीत घुसतं, खडं उडवतं. गवात काय, परत वाढतंय. डोळा न्हाई वाढत.”

चौथं चाक माझ्या बाजूला आहे. ते तू लाव, असं ते मला खुणेनं सांगतात. मी चहा तसाच सोडून खाली बसते, हात पुढे करते.

“बंद हाय का बगितलंस?”

“बंदच की. आवाज कुठाय?”

“आवाजावर जाऊ नगंस. हात लाव.”

मी वरून पत्र्यावर तळहात ठेवते. मशीन थरथरतंय. जोरात, माझं मनगट हलेल इतकं. आवाज अजिबात नाही, पण पोटाखाली पातं पूर्ण वेगानं फिरतंय आणि माझी बोटं पात्यापासून चार बोटांवर होती.  मी हात काढून घेते आणि त्यांच्याकडे बघते. ते शांतपणे बशीत चहा ओततायत.

“बंद केल्यावर बी पातं थोडा येळ फिरतंय,” ते म्हणतात. “किती येळ, ते कुणाला ठावं? ह्याचं तर तीन वर्सं फिरतंया.”

त्यांच्या पायांकडे बघायचं नाही असं मी कधी ठरवलं कोण जाणे. ते गवतात बसलेत, त्यामुळे पाय दिसतही नाहीत. गवत मघाशी घोट्याएवढं होतं, आता गुडघ्याएवढं झालंय. स्टोव्हची ज्योत त्याच्या पलीकडे बारीक झालीय.

“आता येचून घिऊ,” ते म्हणतात. “कापायच्या आधी गवात येचायचं असतं. काय पडल्यालं असंल ते.”

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून गवतात हात घालतो. पहिल्यांदा खडे निघतात. मग तारेचा तुकडा, बाटलीचं बूच, माझी फुटलेली हिरवी बांगडी. त्यांच्या शर्टाचं बटण मला सापडतं, मी ते पदराच्या टोकाला बांधते. मग लेकीचा दुधाचा दात, जो बागेत हरवला म्हणून ती दिवसभर रडली होती. मला हसू येतं, त्यांनाही येतं. इतकं बरं वाटतं की हे असंच चालू राहावं, आयुष्यभर गवत वेचत बसावं. मग ते एक वस्तू उचलतात, तिच्यावरची माती फुंकतात आणि मूठ मिटतात.

“बगू,” मी म्हणते.

“ऱ्हाऊ दे.”

“बगू की.”

“त्या दिवशी सापडला नव्हता तुमास्नी,” ते म्हणतात. “मी म्हनलं, हितंच कुठंतरी असंल.”

मी मान फिरवते. डाव्या पायाचा अंगठा. पोलिसांनी शोधला, जालिंदरनं शोधला, मीही संध्याकाळपर्यंत उतारावर वाकून फिरले होते. अपुरं माणूस जाळलं ही सल मला कितीतरी महिने होती. त्यांनी मूठ खिशात घातलेली मला बाजूनं दिसते, पेनाचं टोपण ठेवावं तितक्याच सहज.

मान फिरवलेली मी पुन्हा सरळ करते, तर समोर सिव्हिल हॉस्पिटलचा व्हरांडा आहे. लांबच लांब, भिंतीला अर्ध्यापर्यंत हिरवा रंग. मला हा पाठ आहे. इथेच मी बाकड्यावर बसले होते, आणि जीव वाटेतच गेलाय हे सांगायला आतून डॉक्टर बाहेर यायचे नाहीत. आज दोन्ही बाजूंच्या बाकड्यांवर माणसं बसलीत. सगळ्यांचे दोन्ही हात पुढे आहेत आणि मुठी आवळलेल्या आहेत, मधे दांडा असावा तशा. दांडा कुणाच्याच हातात नाही. एक सिस्टर रांगेतून फिरतेय आणि प्रत्येकापुढे वाकून एकच सांगतेय, हात सोडा बाबा, आता हात सोडा. कुणी सोडत नाही. त्यांची बोटं पांढरी पडलीत.

हे माझ्या शेजारी चालतायत. एका पायात चप्पल वाजते, दुसऱ्याचा आवाज येत नाही.

“नाड्याला येढं किती घातलं हुतंस?” ते विचारतात. पाणी तापलं का विचारावं तसं.

 एवढी तीन वर्षं ज्याला भ्याले ते आता आलंय, आणि पळायला जागा नाही. व्हरांडा पुढेही संपत नाही नि मागेही.

“सात,” मी म्हणते.

खंडेनवमीचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. विळे, खुरपी, फावडी, पाइप, सगळं धुऊन शेडमध्ये मांडलं होतं. मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. लाल-पिवळा नाडा दांड्याला बांधायला घेतला तर तो घसरून घसरून खाली यायचा. मग मी ती लोंबणारी लिव्हर वर दाबली आणि दांडा नि लिव्हर मिळून सात वेढे घेतले, गाठ मारली. घट्ट बसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी नाडा कापायला माझ्याकडे विळा मागितला. मीच म्हटलं, देवाचा नाडा कापायचा नसतो, आपोआप झिजून तुटू दे. त्यावर हे हसले होते. बरं झालं, म्हणाले, हाताला तेवढाच आराम.

दुपारी दीड वाजता मी डबा घेऊन गेले. हे उतारावर मध्यावर पडले होते. मशीन पार खाली जाऊन सुरूच्या झाडाला अडकलं होतं आणि चालू होतं. हात सुटून किती वेळ झाला होता देव जाणे, तरी ते चालू होतं, माझ्या नाड्यानं. मी आधी ह्यांच्याकडे धावले, मग आरडाओरडा केला, आणि मग खाली जाऊन तो नाडा सोडला. मशीन लगेच बंद पडलं. त्या बंद पडण्यातच मला सगळं कळलं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

“मी मारलं तुमास्नी,” मी व्हरांड्यात म्हणते. पहिल्यांदाच तोंडातून निघतंय ते, आणि मोठ्यानं निघतंय. बाकड्यांवरची माणसं माना वळवून बघतात. मुठी तशाच. “पुण्य करायला गेले आन् मारलं.”

ते व्हरांड्याच्या टोकाचं दार ढकलतात. बाहेर उतार आहे.

ऊन आहे, पण सावल्या नाहीत. धरणाची भिंत वर नेहमीपेक्षा उंच दिसतेय आणि तिच्यावर कुणी नाही. कालवा भरून वाहतोय, तरी त्या चोवीस तासांच्या आवाजातला एक थेंबही ऐकू येत नाही. ह्यांनी मशीन ढकलायला घेतलंय. ते पुढे जातात तसं त्यांच्या मागचं कापलेलं गवत हळूच पुन्हा उभं राहतं, पहिल्याहून उंच. त्यांच्या ते लक्षात येत नाही, की येऊनही ते कापत राहिलेत, मला समजत नाही. त्यांनी किती दिवस हे चालवलंय हे विचारायचीही मला भीती वाटते.

मी मागून हाका मारते. उतारावर मशीन आडवं चालवा, असं मीच त्यांना सांगते, हे खालीवर कशाला? पायात चप्पल कशाला, बूट कुठे गेले? गवत अजून ओलं आहे, वाळू द्या की. एकेक गोष्ट मला आता ठाऊक आहे. नोकरीला लागल्यावर मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी सातदा वाचलं, रात्रीचं पाठ केलं. त्यातली प्रत्येक ओळ त्या दिवशी ह्यांनी मोडली होती. माझा नाडा ही त्यातली फक्त एक ओळ होती, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. पटलं कधीच नाही.

ते थांबतात. चढाकडे तोंड करून उतारावर उभे आहेत, मशीन त्यांच्यापेक्षा वर, आणि ते त्याला आपल्याकडे ओढतायत. नेमकं तसंच. आता पाय घसरणार.

“सोडा,” मी म्हणते. “आवं, सोडा ते.”

पाय घसरतो. मी तो घसरताना पहिल्यांदा बघतेय, कारण त्या दिवशी मी इथे नव्हतेच. सगळं अगदी संथ होतं. ते पाठीवर पडतात, त्यांचे पाय मशीनकडे सरकतात, आणि त्यांचे दोन्ही हात दांडा घट्ट धरून आहेत. ते मशीनला ओढतायत. वरून ते त्यांच्या अंगावर येतंय, आणि ते ओढतायत.

मग ते माझ्या शेजारी उभे आहेत आणि आम्ही दोघं ते बघतोय.

“बगितलंस का हात?” ते म्हणतात.

“सोडत न्हाई तुमी.”

“सोडलं असतं तर ते कालव्यात गेलं असतं. मला तेवढंच सुचलं. सरकारी मशीन, पान्यात जाईल. पाय गेला तवा हात लिव्हरवरच हुता माजा. मग भोवळ आली, मग सुटला. त्येच्या फुडं ते चालू ऱ्हायलं काय आन् बंद पडलं काय.”

 ते विडी कानावरून काढतात, बघतात, पुन्हा कानावर ठेवतात.

“तुजा नाडा नसता तरी माजा हात सुटला नसता, मालन.”

मी रडते. सुटल्यासारखं रडते, आणि त्याच वेळी त्यांचा इतका संताप येतो की त्यांची गचांडी धरावीशी वाटते. एका मशीनपायी. एका सरकारी मशीनपायी तुम्ही मला इथे टाकून गेलात, असं मी म्हणते, आणखी बरंच काही म्हणते, जे नवरा जिवंत असताना बायकोनं म्हणायचं राहून जातं. ते ऐकून घेतात. पूर्वी ऐकून घेत नसत.

“पर जालिंदर माज्यासारखा न्हाई,” माझं झाल्यावर ते म्हणतात. “भित्रं हाय ते. पाय घसरला की आधी हात सोडंल. त्येनं हात सोडला की मशीन बंद पडाय पायजे.”

एवढंच. उतारावर खाली, सुरूच्या झाडापाशी, पाठमोरा जालिंदर उभा दिसतो. त्याच्या पायांना गवतानं घोट्यापर्यंत वेढलंय. मी हाक मारते, तो वळत नाही. मी पुन्हा मारते. त्याच्या दोन मुली कालव्याच्या काठावर कोजागिरीचे दुधाचे पेले घेऊन उभ्या आहेत, रिकामे, आणि बापाच्या पायांकडे बघतायत.

“तू सांगणार न्हाईस,” हे म्हणतात. दोष देत नाहीत, नुसतं म्हणतात.

“कसं सांगू? समदी म्हणतील, नवऱ्याला मारून त्याच्या जागंवर बसली.”

“म्हनत्याल.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, कुणी काही म्हणणार नाही. पण ते खोटं बोलत नाहीत. मेल्यावरही माणसानं आपल्या बायकोशी दोन गोड शब्द बोलू नयेत म्हणजे कमाल आहे. ते मशीन आडवं करतात. एअर फिल्टरची बाजू वर, म्हणजे पेट्रोल गळत नाही. पातं उघडं पडतं. त्याला गवत चिकटलंय, ओलं, आणि गवताचा रंग हिरवा नाही.

“काढ ते,” ते म्हणतात.

मी हात घालते. बोटं पात्याला लागणार इतक्यात ते माझं मनगट पकडतात. त्यांचा हात ऊबदार आहे, याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटतं.

“आदी प्लग. कितींदा सांगायचं? प्लग जाग्यावर असंल तर पातं हातानं फिरवलं तरी इंजिन पेटतं. खाली हात घालायच्या आदी प्लग काढायचा.”

ते इंजिनापाशी वाकतात आणि दोन बोटांनी प्लग फिरवतात, पाना नाही, काही नाही, बाटलीचं झाकण उघडावं तसा. तो काढून माझ्या तळहातावर ठेवतात आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवतात. प्लग तापलेला आहे.

“भाजतंय,” मी म्हणते.

“आत्ताच बंद झालंया,” ते म्हणतात.

फुस्, असा आवाज होतो. मग पुन्हा फुस्. कुणीतरी दमानं श्वास सोडतंय. मी त्यांच्या तोंडाकडे बघते, ते नाहीत. पुन्हा फुस्. कालव्याचं पाणी एकदम धो धो कानात भरतं, आणि मी पोत्यांवर आहे, तोंडाला कोरड पडलीय, पत्रा वाजतोय.

मशीन शेडमध्ये नाही. जालिंदरनं मला न उठवता ते बाहेर नेलंय. अर्ध्या दारातून तो दिसतो, एक पाय मशीनवर, हातात सुरू करायची दोरी. तो ओढतो, दोरी फुस् करून सगळी हातात येते. इंजिनात काही जोरच नाही. लिव्हर ट्यूबनं बांधलेली तशीच आहे. तो वाकतो, इकडे तिकडे बघतो, आणि डोकं खाजवत दारात येतो.

“वहिनी, प्लगच न्हाई हो ह्याला,” तो म्हणतो. “काल तर हुता. कुणी काढला?”

मी उठून बसते. उजव्या हाताची मूठ आवळलेली आहे आणि ती मला उघडता येत नाही. डाव्या हातानं मी एकेक बोट सोडवते. प्लग फरशीवर पडतो, टणकन.

जालिंदर तो उचलतो आणि लगेच टाकतो. बोटं तोंडात घालतो. मशीन कालपासून चाललेलं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. तो कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीकडे बघतो. प्लगचा पाना तिच्यात असतो. पेटीला कुलूप आहे, आणि किल्ली त्याच्याच करगोट्याला आहे. तो किल्ली चाचपून बघतो. मग माझ्याकडे बघतो.

“वहिनी?”

आता गप्प बसणं सोपं आहे. काही माहीत नाही म्हटलं तरी चालेल. तो पेटी उघडेल, पाना काढेल, प्लग बसवेल, आणि मी गुलाबांकडे जाईन. 

“तुज्या दादाच्या मशीनची लिव्हर बांधली हुती,” मी म्हणते. “खंडेनवमीला, नाड्यानं. मी बांधली हुती. तुमी समदी यायच्या आत मीच सोडली.”

जालिंदरच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला वाचता येत नाही. त्या दिवशी ह्यांना खांद्यावर घेऊन जीपपर्यंत पळाला तो हाच होता. तो वळून बाहेर जातो. मला वाटतं, साहेबांकडे गेला. मला वाटतं, आता उद्या सगळ्या वसाहतीला कळेल, आणि कळू दे.

बाहेर रबर ताणल्याचा आवाज येतो, मग फट्ट. जालिंदर परत येतो तेव्हा ट्यूब त्याच्या हातात असते. ती तो दाराबाहेर कचऱ्याच्या टोपलीत टाकतो आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर बसतो.

“काय झालं हुतं?” तो विचारतो.

माझा तळहात चुरचुरतोय. मी तो उजेडात धरते. मधोमध प्लगच्या टोकाएवढा गोल फोड आलाय, पाण्यानं भरलेला. पदराआड हात घेऊन मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागते.